स्कॅन चुकलं नव्हतं

तुम्ही विचारलंत म्हणून. "पोरगी चांगली धडधाकट आहे, मग पोटात असताना एमआरआय कशाला केलास? स्कॅन चुकलंच ना शेवटी?" खानापुरात हळदीकुंकवाला, चंदगडला माहेरी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. आजवर "देवाची कृपा" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

स्कॅन चुकलं नव्हतं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतली पाण्याची पोकळी, म्हणजे व्हेंट्रिकल, रुंद दिसली. ही पोकळी सगळ्यांनाच असते. पोटातल्या बाळात ती 10 मिलिमीटरच्या आत हवी, 15च्या वर गेली की गंभीर. आमची 11 भरली. पुढे ती 9 वर आली, म्हणून त्या दिवशीचं माप खोटं ठरत नाही.

आणि "मुलगा की मुलगी ते बघायला गेली असणार" असं कुजबुजणाऱ्यांना एवढंच सांगते, की ते सांगायला 1994च्या कायद्याने बंदी आहे. मी विचारलंही नाही.

एमआरआय एवढ्यासाठी, की 11 हा आकडा स्वतःचं कारण सांगत नाही. मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांना जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, तयार झालाय का? आत रक्तस्राव झालाय का? ब्रिटनमध्ये मेंदूत दोष असल्याची शंका आलेल्या 570 गर्भांचा अभ्यास झाला, तो 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसत्या सोनोग्राफीने 68 टक्के निदानं बरोबर आली, एमआरआयची जोड दिल्यावर 93 टक्के. हे मी फार नंतर वाचलं. तेव्हा माझ्यापुढे होते ते फक्त मामंजी आणि त्यांचे 24 आठवडे. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. "काय ते आधीच ठरवा" हे वाक्य घरात जेवणासारखं दोन वेळा वाढलं जाई.

बेळगावला गेलो तेव्हा बाविसावा आठवडा सरला होता. संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. मशीनवरच्या पोराने तो आमच्या बेळगावी मराठीत वाचून दाखवला. यात एक्स-रे नाही, चुंबक आहे. रंगाचं इंजेक्शन देत नाहीत. डाव्या कुशीवर झोपवलं, कानांवर हेडफोन दिले. "आवाज लई येतोय, घाबरू नका ओ. बाळ हालूदे की, तुम्ही हालू नका." बाळ हलतंच, म्हणून एकेक चित्र सेकंदाच्या आत काढतात आणि हललेलं पुन्हा घेतात. त्या ठणठणाटात ती लाथा मारत होती आणि मी श्वास धरून पडले होते.

नंतर डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मेंदू गोटीसारखा गुळगुळीत! कडेला एक खोलगट खाच, बाकी काही नाही. शाळेच्या पुस्तकातला वळ्यावळ्यांचा मेंदू मला ठाऊक होता. माझे हातपाय गार पडले. "वळ्या कुठायत?" बाई म्हणाल्या, "या वयात असाच असतो. वळ्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडतात." पट्टा होता. रक्तस्राव नव्हता. रुंदीखेरीज काहीच सापडलं नव्हतं.

"म्हणजे शहाणं निपजेल ना?"

"ते यात दिसत नाही हो. एवढीच रुंदी असली आणि दुसरा काही दोष नसला, तर दहांतल्या नऊहून जास्त मुलं नीट वाढतात."

मामंजींनी त्यानंतर 24चं नाव काढलं नाही. मी मात्र बाळंत होईपर्यंत त्या उरलेल्यांतच स्वतःला मोजत राहिले. कुणी काही सांगितलंच नसतं तर बरं, असं रात्री कितीदा वाटलं. बेळगावची बस पकडणारी तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते: तुला हो की नाही ऐकायचं होतं, ते मिळालं का? नाही मिळालं. पण नुसत्या 11 वर घरात काय ठरलं असतं, हे मी तिला विचारते. त्यावर ती गप्प बसते असंही नाही. म्हणते, तू ठाम राहिली असतीस तर मशीनची गरज काय होती?

लेक उशिरा बोलली. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड, म्हणून उशीर, असं काहीजण म्हणतात. काही अजून "ते पाणी" काढतात. बालरोगतज्ज्ञ दोन्हींपैकी एकालाही दुजोरा देत नाहीत. ती आता दोन्ही भाषांत भांडते, पण मी तिचं बोलणं कान देऊन ऐकते, ते सुटलेलं नाही.

परवा जाऊबाईंच्या बहिणीच्या रिपोर्टात तोच "व्हेंट्रिकल" शब्द आला आणि फोन मला. एमआरआय कर की नको, हे मी तिला सांगितलं नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून घ्यायला लावलं: रुंदी नेमकी किती, एका बाजूला की दोन्हीकडे, पट्टा दिसतोय का, रक्तात संसर्गाची तपासणी करायची का, पुन्हा सोनोग्राफी कधी. आणि जाताना घरातलं दुसरं कुणी नको, नवऱ्याला घेऊन जा म्हटलं.