चार नंबरची टाकी

मार्च लागला की बँकेत कर्जाला तारण असलेल्या स्टॉकच्या तपासणीची धावपळ. जालन्यात नोकरी म्हणजे सरकीचं बियाणं, लोखंडी सळया, कापसाच्या गाठी. थप्प्या मोजायच्या, फोटो काढायचा, सही घ्यायची. गाठ उसवून आतला कापूस मी कधी पाहिलेला नाही.

त्या दिवशी यादीत एक वाइनरी होती. एका कुटुंबाची, सिंदखेडराजा रस्त्याला. कडवंचीचा हा पट्टा शेततळ्यांचा आणि द्राक्षांचा, पण खायच्या. सरकारचं २००१ चं वाइन धोरण आलं तेव्हा वाइन पार्कही विंचूरला नि पलूसला झाले. इकडे ज्याने केलं त्याने आपल्या हिमतीवर.

बाग सासरे बघतात, टाक्या सूनबाई. नवरा विक्रीला फिरतो. मी मोजपट्टीवर लिटर बघून लिहायला लागलो, तर वहिनींनी हातात ग्लास दिला. "चाखल्याबिगर काय मोजणार तुम्ही?" आमच्या घरात माळ आहे, म्हटलं. त्यांनी बादली पुढे सरकवली. "गिळू नका, थुंका." एरवी आपल्याकडे थुंकायला कुणी परवानगी मागत नाही, पण त्या धुतलेल्या फरशीवर जिवावर आलं.

पहिली शेनिन ब्लां, पांढरी. गार, आणि वास चक्क पेरूचा. पुढची शिराझ, लाल. तिने जीभ कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी आखडली. सासऱ्यांनी क्रेटमधलं एक द्राक्ष चिमटीत फोडून दाखवलं. मणी बारका, आत बी, आणि गर पांढरट. "रंग सालीत ऱ्हायतो. म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवायची. ब्रिक्स म्हंजी रसातल्या साखरेचं माप. खायचं द्राक्ष अठरा ब्रिक्सला तोडलं तरी चालतं, हे बावीस-चोवीसपर्यंत थांबवावं लागतं. तवर पाखरं राखा."

चार नंबरचा ग्लास तोंडापर्यंत गेलाच नाही. नेलपॉलिशसारखा वास नाकात घुसला. "जानेवारीत ह्यातली हजार लिटर गेली," वहिनी म्हणाल्या, "उरलेली लहान टाकीत घ्यायची राहून गेली. वरच्या पोकळीत हवा शिरली. शिरका होऊ ऱ्हायला. ही धरू नका."

नवऱ्याने चमकून पाहिलं. चार हजार लिटर, दीडशे रुपये दराने सहा लाख, बँक कापते ते पंचवीस टक्के मार्जिन गेलं तरी साडेचार लाखांनी डीपी, म्हणजे मालावर उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, खाली येणार होती. बाटल्यांचं बिल द्यायचं होतं, हे मला त्यांच्याच कागदांवरून माहीत होतं. त्या बोलल्या नसत्या, तर मी टाकीचा फोटो काढून निघालो असतो.

"नक्की वगळू?" मी सासऱ्यांकडे बघून विचारलं.

त्यांनी ग्लास नाकाशी नेला, बादलीत ओतला. "वगळा. तिला कळतं त्यातलं."

अहवालात 'मालाची स्थिती' असा रकाना असतो. तिथे मी आजवर 'समाधानकारक' सोडून दुसरा शब्द लिहिलेला नव्हता. चार नंबरपुढे लिहिलं, 'आंबट'. संध्याकाळी शाखेतून फोन आला, सिस्टिमला हा शब्द चालत नाही, दुसरा सांगा.