काचेच्या आत ऊन अर्धंच पोहोचतं

पाऊस सरला की चिऱ्याच्या गडग्यावर काळा थर उरतो. त्याला सरसकट बुरशी म्हणायची पद्धत आहे, पण पुष्कळदा ते सायटोनेमासारखं नीलहरित शैवाल असतं. काळेपणा सायटोनेमिनचा, शैवालाच्या आवरणात साठणारं, अतिनील किरण शोषणारं हे रंगद्रव्य. उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्ये मात्र ते अडचणीचं. पाण्यात विरघळत नाही आणि तपकिरी रंग चढवतं. प्रसाधनांसाठी त्याहून सोयीचे रेणू म्हणजे मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं, थोडक्यात एमएए. रंगहीन, पाण्यात विरघळणारी. त्यांतलं शिनोरिन ३३४ नॅनोमीटरला सर्वांत जास्त शोषतं.

शिनोरिन काढण्यासाठी वाढवायचं माहितीतलं शैवाल म्हणजे ॲनाबिना व्हेरिॲबिलिस. त्याचं विरजण, म्हणजे वाढ सुरू करायला लागणारं जिवंत शैवाल, सूक्ष्मजीवांच्या मान्यताप्राप्त संग्रहातूनच घ्यावं. ओढ्यातून आणलेल्या ॲनाबिनात यकृताला किंवा मज्जासंस्थेला घातक विषं असू शकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली विषारी-बिनविषारी ओळखता येत नाही. विषाची चाचणी तरीही प्रत्येक घाण्याला हवीच.

शैवाल वाढवायचं पोषक पाणी, म्हणजे माध्यम, बीजी-११: लिटरला सोडियम नायट्रेट १.५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ४० मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट ७५ मिग्रॅ, कॅल्शियम क्लोराइड ३६ मिग्रॅ, शिवाय लोह आणि सूक्ष्मद्रव्यांचं द्रावण. सामू ७.५ च्या आसपास, तापमान २५ ते २८ अंश. दहा टक्के विरजण घालून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि प्रकाश मध्यम ठेवायचा. सुरुवातीलाच कडक ऊन दिलं तर विरळ शैवाल पिवळं पडून मरतं.

हे शैवाल हवेतला नायट्रोजन बांधतं, म्हणून नायट्रेट वाचवायचा मोह होतो. तेलासाठी शैवाल वाढवणारे तर मुद्दाम नायट्रोजन तोडतात. इथे तो हिशेब उलटा पडतो. एमएएच्या रेणूतच नायट्रोजन आहे. उपाशी शैवाल ते कशातून बनवणार?

खरी गोम भांड्यात आहे. शैवाल एमएए बनवतं ते मुख्यतः अतिनील किरणांचा मार बसतो म्हणून. साधी खिडकीची काच ३१५ नॅनोमीटरच्या खालचा बहुतेक अतिनील-बी अडवते, आणि पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक प्लास्टिक तर त्याहून लांब लहरींचा अतिनील-एसुद्धा जवळजवळ सगळा. म्हणजे महागड्या बंद नळ्यांमध्ये शैवाल झकास हिरवंगार वाढतं आणि अर्क मोजला की ३३४ ला जवळजवळ काहीच नाही! अतिनील आत सोडणारं क्वार्ट्झ परवडत नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत करावं: बंद भांड्यात वाढ, मग वरून उघड्या उथळ ट्रेमध्ये ऊन.

ट्रेमध्ये थर दोन-तीन सेंटिमीटरच, आणि सतत ढवळणं. दाट शैवालात वरचे तंतू खालच्यांना सावली करतात. वरचे भाजतात, खालच्यांना पत्ताच नसतो. पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग वाढवत तीन दिवस. घरात अतिनील-बी नळ्या वापरत असाल तर मध्ये सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म लावा, म्हणजे नळीतून निसटणारा, सर्वांत घातक अतिनील-सी अडतो. ही फिल्म किरणांनी खराब होते, वरचेवर बदला. आणि डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा लावल्याशिवाय नळी चालू करू नका.

लिटरला सहा ग्रॅम मीठ हा दुसरा ताण. काही शैवालांत त्यानेही एमएए वाढतं, पण एकदम ओतलं तर शैवाल बसतं. दोन-तीन हप्त्यांत घाला. उघड्या ट्रेचा शत्रू म्हणजे शैवाल खाणारे प्राणिजीव. सकाळी पाणी अचानक निवळ दिसलं की एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

काढणीनंतर साध्या पाण्याने धुऊ नका. मिठाच्या माध्यमातून गोड्या पाण्यात गेलेल्या पेशी फुगतात, काही फुटतात, आणि एमएए धुवणाबरोबर मोरीत जातं. त्याच खारटपणाच्या पाण्याने एकदा धुवा, कमी तापमानावर वाळवा.

मोजणीसाठी १०० मिग्रॅ भुकटी १० मिली २५ टक्के मिथेनॉलमध्ये ४५ अंशांवर दोन तास ठेवून सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे वेगाने फिरवून गाळ खाली बसवा. अर्क निळा आला तर ते फायकोसायनिन हे शैवालातलं निळं प्रथिन, म्हणजे प्रथिनं उतरली आहेत. मिथेनॉल ८० टक्क्यांपर्यंत वाढवून थंड केलं की ती बरीचशी खाली बसतात. वरचं द्रव वाळवून पुन्हा १० मिली पाण्यात घ्या. शुद्ध शिनोरिनचं एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमधलं (शोषण मोजायच्या पारदर्शक नळीतलं) ३३४ नॅनोमीटरला १.० शोषण म्हणजे लिटरला सुमारे ७.४ मिग्रॅ. दहापट पातळ करून ०.४ आलं, तर मूळ अर्कात लिटरला ३० मिग्रॅ, म्हणजे भुकटीच्या ०.३ टक्के. पण ३३४ ला टोक दिसत नसेल, नुसता उतार असेल, तर तो आकडा शिनोरिनचा नव्हे. आणि टोक दिसलं तरी एमएए कोणतं, हे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या एचपीएलसी चाचणीनेच ठरतं.

आता धंद्याचं गणित. लिटरला एक ग्रॅम वाढ धरली तर हजार लिटरमधून एक किलो भुकटी, आणि त्यातून तीन ग्रॅम शिनोरिन. क्रीममध्ये टक्क्याने लागणाऱ्या झिंक ऑक्साइडची जागा यातून भरत नाही. युरोपच्या अतिनील गाळकांच्या, म्हणजे अतिनील अडवणाऱ्या द्रव्यांच्या, मंजूर यादीतही एमएए नाही. त्यामुळे एसपीएफची जबाबदारी मंजूर गाळकावरच ठेवावी आणि हा अर्क त्याच्या जोडीला वापरावा. अर्कात पाणी आणि अमिनो आम्लं दोन्ही असल्याने त्यात जंतू फार लवकर होतात. संरक्षक घातल्याशिवाय बाटलीत भरू नका.