थ्रस्टर बघायचा नाही!

ही पोस्ट रागात लिहितेय हे आधीच सांगून ठेवते. राग उतरल्यावर लिहिली असती तर जरा समंजस वाटली असती, पण मग लिहिलीच नसती.

झालं असं की आमच्या युनिव्हर्सिटीतल्या स्टुडंट सॅटेलाइट टीमला नवीन फंडिंग मिळालं. दोन छोटे सॅटेलाइट, बुटाच्या खोक्यापेक्षा फार मोठे नाहीत, ते एकमेकांपासून शंभरेक मीटर अंतर राखून जोडीनं उडणार. फॉर्मेशन फ्लाइंग. मी अमेरिकेत आले तीच ह्या विषयासाठी, आणि आल्यापासून ह्या टीमच्या गायडन्स ग्रुपमध्ये आहे. आता नवे पैसे आहेत संरक्षण खात्याकडचे, त्यामुळे पैसे आले आणि मागोमाग एक ईमेल आला. त्यात टीमची यादी दोन भागांत. वर 'यूएस पर्सन', म्हणजे इथले नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि इथे आश्रय मिळालेले. खाली आम्ही: मी, एक ब्राझीलचा मुलगा आणि एक कोरियन पीएचडी. खालच्यांनी क्लीन रूममध्ये, म्हणजे सॅटेलाइट जोडतात त्या धूळमुक्त खोलीत, जायचं नाही, प्रॉपल्शनच्या, म्हणजे थ्रस्टरच्या (सॅटेलाइटला हलके धक्के देऊन सरकवणारं यंत्र), मीटिंगला बसायचं नाही, शेअर्ड ड्राइव्हवरचे अमुक अमुक फोल्डर आता उघडणार नाहीत. त्यातल्या एका फोल्डरमधली निम्मी डॉक्युमेंट्स माझ्या हातची आहेत बरं का! मी लिहिलेलं मलाच वाचायला बंदी.

ह्या नियमाला म्हणतात आयटार. शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचे नियम. आता मी कुठे काय निर्यात करतेय असं तुम्ही म्हणाल, मीही तेच म्हटलं. तर ह्यांचा हिशोब असा की नियंत्रित तांत्रिक माहिती परदेशी माणसाला दिली, भले तो इथेच, त्याच बिल्डिंगमध्ये, शेजारच्या खुर्चीवर बसलेला असो, तरी ती त्याच्या देशात निर्यात झाली असं धरायचं. म्हणजे व्हाइटबोर्डवर कोणी व्हॉल्व्हचं डिझाइन काढलं आणि मी कॉफी घेऊन मागून गेले तर ते डिझाइन भारतात पोचलं. मी विमानात न बसता!

बरं, हे आलं कुठून तेही वाचून काढलं, कारण रागाच्या भरात माणूस कायदेसुद्धा वाचतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये चीनचं लाँग मार्च रॉकेट इंटेलसॅट ७०८ हा सॅटेलाइट घेऊन उडालं आणि उडताक्षणी कलंडून कोसळलं. त्या अपघाताच्या चौकशीत अमेरिकन कंपन्यांच्या तज्ज्ञांनी चिनी लोकांना नको ते समजावून सांगितलं असा आरोप झाला, इथे मोठा राजकीय गोंधळ झाला, आणि मार्च १९९९ पासून झाडून सगळे सॅटेलाइट तोफा-रणगाड्यांच्या यादीत जाऊन बसले. २०१४ मध्ये थोडी सूट मिळाली, बरेच साधे सॅटेलाइट त्या यादीतून काढून व्यापार खात्याकडे दिले. पण संरक्षण खात्याचा पैसा आणि वर थ्रस्टर असलं की परत आपलं तेच. युनिव्हर्सिटीतलं खुलं संशोधन, जे छापायचंच आहे, त्याला ह्या सगळ्यातून माफी असते, पण पैसे देणाऱ्यानं 'कोण काम करणार' ह्यावर अट घातली की ती माफी संपली. म्हणजे भांडण त्यांचं चीनशी, आणि दार बंद माझ्या तोंडावर.

आता मजा बघा. ज्या १९९९ मध्ये हे झालं त्याच वर्षी इथल्या कॅल पॉली आणि स्टॅनफर्डच्या दोन प्राध्यापकांनी मिळून क्यूबसॅटची कल्पना काढली. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, मुलांना डिग्री संपायच्या आत एक अख्खं सॅटेलाइट मिशन करता यावं म्हणून. एकाच देशानं एकाच वर्षी सॅटेलाइट मुलांच्या हातातही दिला आणि शस्त्रांच्या कपाटातही ठेवला. मला तर हे असं एकाच वेळी दोन दिशांना कसं जाता येतं तेच कळत नाही.

आणि तो थ्रस्टर, ज्याच्यासाठी एवढं सगळं, तो आहे काय? कोल्ड गॅस. टाकीत दाबाखाली वायू, एक व्हॉल्व्ह, एक नोझल. काही जळत नाही, काही फुटत नाही. टोरांटो युनिव्हर्सिटीच्या स्पेस फ्लाइट लॅबनं कॅनएक्स-४ आणि कॅनएक्स-५ असे जोडीचे सॅटेलाइट केले होते, वीस सेंटिमीटरचे ठोकळे, सातेक किलोचे, त्यात मास्टर्सच्या मुलांचं भरपूर काम होतं. त्यांनी सल्फर हेक्साफ्लोराइड वापरून हेच केलं, आधी एक किलोमीटर, मग पाचशे मीटर, मग शंभर आणि शेवटी पन्नास मीटर अंतरावर ते दोघं आपापले, जमिनीवरून कोणी हाकत नसताना, एक मीटरच्या आतल्या चुकीनं जागा धरून राहिले. हे सगळं पेपरांत छापलंय. मी वाचलंय, तुम्हीही वाचू शकता. म्हणजे टोरांटोचं चालतं, पण माझ्याच मजल्यावरचं चालत नाही.

आणि ते कॅनएक्स उडाले कुठून? श्रीहरिकोटाहून! ३० जून २०१४, पीएसएलव्ही-सी२३. हे मी इथे भेटेल त्याला सांगते, कोणी विचारलेलं नसतं तरी सांगते. त्याआधी २००९ मध्ये एकाच पीएसएलव्हीवरून जर्मनी, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तानच्या विद्यार्थ्यांचे छोटे सॅटेलाइट गेले. प्रोबा-३, ते युरोपचे दोन सॅटेलाइट जे दीडशे मीटरवर एकामागे एक राहून कृत्रिम खग्रास ग्रहण घडवतात, तेसुद्धा डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच रॉकेटनं गेले. आणि त्याच महिन्यात इस्रोच्या स्पेडेक्स ह्या जोडणीच्या प्रयोगाचे दोन गेले, ते १६ जानेवारी २०२५ ला एकमेकांना जोडलेही गेले. ज्या देशाला ह्यांनी १९९२ मध्ये रशियाच्या क्रायोजेनिक रॉकेट इंजिनांवरून निर्बंध लावले त्या देशाच्या पोरीला कोल्ड गॅसचा व्हॉल्व्ह दाखवायला हे घाबरतात, ह्याचा खरं तर अभिमान वाटायला हवा, असं मी स्वतःला समजावते.

पण मग बाबा फोनवर म्हणाले, "एवढं आहे तर इकडे येऊन कर की," आणि तिथे माझी जरा पंचाईत झाली. कारण करायचं तर कुठे? आपल्याकडे सीओईपीच्या मुलांनी 'स्वयम्' केला, एक किलोचा, जून २०१६ मध्ये उडाला, आणि आयआयटी बॉम्बेचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. इस्रोनं विद्यार्थ्यांकडून उड्डाणाचे पैसे घेतले नाहीत, हे इथल्या मुलांना सांगितलं की ते दोनदा विचारतात. पण दोन्ही प्रोजेक्टना सुरुवातीपासून उड्डाणापर्यंत आठ-नऊ वर्षं लागली. ज्यांनी सुरू केलं ती मुलं नोकरीला लागून, लग्नं होऊन, ईएमआय भरायला लागली तेव्हा तो वर गेला. आणि ते एकेकटे होते, जोडीनं उडणारे नाहीत. एकट्याला नुसतं फिरत राहायचं असतं. 'स्वयम्'नं तर आपली दिशा चुंबकानं सांभाळली, वीज न खर्चता, आणि मला ती आयडिया अजूनही प्रचंड आवडते. पण जोडी म्हटलं की थ्रस्टर आला, आपसातला रेडिओ आला, सेंटिमीटरपर्यंतचं जीपीएस आलं, आणि ते सगळं एका कॉलेजच्या आवाक्यात आणायचं म्हणजे सोपं काम नाही. हे बाबांना सांगितलं तर ते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"चा अर्थ घरच्यांनाच कळतो.

आणि उशिराचं म्हणाल तर इथेही काही वेगळं नाही, हे मुद्दाम लिहितेय. टेक्सासच्या मुलांचा फास्ट्रॅक, 'सारा लिली' आणि 'एमा' अशी नावं दिलेले जोडीचे सॅटेलाइट, त्यांनी २००५ मध्ये स्पर्धा जिंकली आणि उडाले नोव्हेंबर २०१० मध्ये. त्याआधी ॲरिझोना, कोलोराडो आणि न्यू मेक्सिको इथल्या तीन युनिव्हर्सिटींनी मिळून थ्री कॉर्नर सॅट केला होता, ढगांचे थ्रीडी फोटो काढायचे म्हणून. त्यातले दोनच उडाले, डिसेंबर २००४ मध्ये, आणि रॉकेटच कमी पडल्यामुळे कक्षेत पोचलेच नाहीत. कित्येक बॅचची मेहनत अशीच गेली. तेव्हा अमेरिकेत सगळं झटपट होतं वगैरे जे समजतात त्यांनी समजू नये.

(जोडीनं उडवायचं एवढं अवघड काय असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. दोघांच्या कक्षेच्या उंचीत फक्त दहा मीटरचा फरक राहिला तर प्रत्येक प्रदक्षिणेला ते एकमेकांपासून साधारण ९४ मीटर सरकतात. दिवसाला पंधरा प्रदक्षिणा, म्हणजे जवळजवळ १.४ किलोमीटर. आणि पुढच्याला गाठायचं तर वेग वाढवून चालत नाही, वाढवला की तुम्ही वरच्या कक्षेत जाता आणि आणखी मागे पडता. गाठायचं तर आधी ब्रेक मारायचा, खाली यायचं, आणि खालच्या छोट्या प्रदक्षिणेतून पुढे निघायचं. ह्याची मूळ समीकरणं हिलनं १८७८ मध्ये चंद्रासाठी मांडली, क्लोहेसी आणि विल्टशायर ह्यांनी १९६० मध्ये ती यानांच्या भेटीसाठी वापरली. ह्यावर अजून तरी बंदी नाही.)

आता ज्या गोष्टीनं मला पूर्ण रागावू दिलं नाही ती. आमची टीम लीड बीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझ्यापेक्षा लहान. ईमेल आला त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. सॉरी वगैरे काही म्हणाली नाही, ते इथले लोक उठसूट म्हणतात पण ती नाही म्हणाली. म्हणाली की तुझ्या कंट्रोलरला (थ्रस्टर कधी आणि किती चालवायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम) थ्रस्टरबद्दल नक्की काय काय कळावं लागतं ते लिहून दे. मी लिहिलं: जोर किती, सगळ्यात छोटा झटका किती, व्हॉल्व्ह उघडायला उशीर किती. मग तिनं छापील पेपरांतून जगभरच्या कोल्ड गॅस थ्रस्टरांचे आकडे काढले, त्यांची एक रेंज ठरवली, आणि आमच्या खऱ्या थ्रस्टरच्या जागी सिम्युलेशनमध्ये एक खोटा थ्रस्टर बसवला, सगळा उघड माहितीवरचा. नियमांचं खातं बघणाऱ्या ऑफिसकडून तो मंजूर करून घेतला, तिथे ती किती वेळा जाऊन आली मला माहीत नाही. आता मी त्या खोट्या थ्रस्टरवर कंट्रोलर डिझाइन करते आणि ती बंद दाराआड तो खऱ्यावर तपासते. असं कोणी आपल्याकडे माझ्यासाठी केलं असतं का? केलं असतं, आमच्या कॉलेजात सीनियर लोकांनी ह्याहून जास्त केलंय, पण त्यांनी ते ऑफिसला न विचारता केलं असतं, आणि आम्ही सगळे अडकलो असतो.

दुसरं म्हणजे इथले डिझाइन रिव्ह्यू. बाहेरचे इंजिनिअर येऊन बसतात, केस पांढरे झालेले, आणि समोर एकोणीस वर्षांचा मुलगा बॅटरीच्या तापमानाचा तक्ता घेऊन उभा. त्याला ते दहा मिनिटं उभा सोलतात. आणि तो "माहीत नाही, शोधून सांगतो" म्हणतो, ते कोणीतरी लिहून घेतं, पुढच्या रिव्ह्यूला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. आपल्याकडे व्हायव्हात "माहीत नाही" म्हटलं की मार्क गेले, म्हणून आपण काहीतरी ठोकून देतो. ह्या बाबतीत मात्र मी भांडत नाही.

आणि हो, आपल्याकडेही स्कोमेट नावाची, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची यादी आहे, इस्रोच्या क्लीन रूममध्येही कोणी परदेशी विद्यार्थ्याला हात धरून नेणार नाही, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये कोणी लिहायच्या आत मीच लिहून टाकलं.

एक मात्र मी ठामपणे सांगते, आणि हे मनाचं समाधान म्हणून नाही. खरा थ्रस्टर माहीत नसल्यामुळे माझा कंट्रोलर अख्ख्या रेंजसाठी चालेल असा करावा लागला. जोर कमी-जास्त झाला, व्हॉल्व्ह वर गेल्यावर सुस्तावला, तरी तो सांभाळतो. आधीचा, मला सगळं माहीत असतानाचा, एकाच आकड्याला चिकटलेला होता. तर बरंच झालं. खरंच बरं झालं. (आई हे वाचून म्हणेल, कोणाला पटवतेयस.)

सध्या मी हवेच्या ओढीचं मॉडेल करतेय. पाचशे किलोमीटरवरही विरळ का होईना हवा असते, सूर्य खवळला की ती दाट होते, आणि दोन सॅटेलाइटची पॅनेलं वेगवेगळ्या कोनात असली की एक जास्त मागे ओढला जातो. हेच मुद्दाम करून गॅस न खर्चता अंतर बदलता येतं, फक्त वेळ खूप लागतो. त्याचे आकडे परवा टीम लीडला पाठवले, ते आत नेऊन ती खऱ्या थ्रस्टरच्या गॅस बजेटशी ताडून बघणार आहे. माझ्याकडून आत जाणाऱ्या माहितीवर बंदी नाही, फक्त आतून माझ्याकडे येणारीवर आहे, त्यामुळे उत्तरात "चालेल" किंवा "नाही चालणार" ह्यापेक्षा जास्त तिला लिहिता यायचं नाही. अजून काहीच आलेलं नाही, शनिवार-रविवार मध्ये आलाय.