सेंट लुशिया ते बेक्वे: लॉग अपडेट

मागच्या अपडेटमध्ये बोट कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर रॉडनी बेला होती, आता दक्षिणेला सेंट व्हिन्सेंटच्या पलीकडच्या बेक्वे बेटाच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये नांगर टाकून निवांत बसलोय. बोट मित्राची, ३८ फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), मी क्रू. मधली रात्र सेंट लुशियाच्याच पितों या जोडशिखरांच्या पायथ्याशी मूरिंगवर (तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बोट बांधून) काढली आणि पहाटे अंधारातच निघालो, कारण तिथून बेक्वे ५० मैलांच्या आसपास आहे आणि अनोळखी बंदरात उजेड असताना पोचलेलं बरं.

ट्रेड विंड, म्हणजे इकडचा नेहमीचा पूर्वेचा वारा, डावीकडून, बोट मस्त पळत होती. पण सेंट व्हिन्सेंटच्या आडोशाला शिरलं की सगळं थंड. ला सूफ्रिए ज्वालामुखी १२३४ मीटरचा आहे (२०२१ च्या एप्रिलमध्ये फुटला होता तोच), तो वारा अडवतो, मग डोंगरावरून मधेच एखादा झोत येतो, पुन्हा शीड लुळं. सरळ इंजिन लावलं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. पाणी सपाट, वारा नाही, म्हणून पूर्ण मेनसेल (मुख्य शीड) तसंच ठेवायचा मोह होतो आणि बेट संपलं की बेक्वे चॅनेलमध्ये दोन बेटांच्या मधून दाबून आलेला वारा एकदम अंगावर येतो. आम्ही आडोशात असतानाच रीफ घेतला, म्हणजे मेनसेल आवरून लहान केलं, पुढचं शीड जेनोआही अर्धी गुंडाळली, आणि बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत वारा २५ नॉटला गेला. शिवाय करंट पश्चिमेकडे ओढतो, त्यामुळे नाक बेक्वेकडे न ठेवता बरंच पूर्वेला ठेवायचं आणि कंपासपेक्षा जीपीएसच्या ट्रॅककडे बघत राहायचं. नऊएक मैलांचंच अंतर, पण सगळ्या दिवसाचं सेलिंग तेवढ्यात होतं.

आत शिरताना डावीकडे डेव्हिल्स टेबल नावाचा रीफ (पाण्याखालचा प्रवाळ-खडक) आहे, त्याला लांबूनच वळसा. आणि मुंबईत शिकलेल्यांनो, इकडे बोयांचे रंग उलटे! आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे, इकडे उजवीकडे. डोक्याला माहीत असतं, हाताला नसतं. चार्टवर मार्करने लिहून ठेवलंय.

नांगर टाकताना वरून पाण्याचा रंग बघायचा, फिकट हिरवा म्हणजे वाळू, काळपट म्हणजे गवत. गवतावर नांगर नुसता घसरतो. पाच-सहा मीटर खोलीत साखळी पाचपट सोडली आणि लगेच स्नॉर्कल लावून खाली बघून आलो, नांगराचं टोक पूर्ण वाळूत गेलं होतं, साखळीच्या कडेने एक स्टारफिश. भरती-ओहोटी जेमतेम अर्ध्या मीटरची, म्हणजे मुंबईसारखे चार-पाच मीटर हिशोबात धरायची कटकटच नाही.

क्लिअरन्स, म्हणजे देशात शिरायची कस्टम्स-इमिग्रेशनची नोंद, बेक्वेच्या पोर्ट एलिझाबेथ गावात. फॉर्म सेलक्लिअर या वेबसाइटवर आधीच भरले होते म्हणून पटकन झालं, मग क्लिअरन्स बाकी असल्याचा पिवळा झेंडा खाली आणि सेंट व्हिन्सेंटचा निळा-सोनेरी-हिरवा वर. पैसे ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमध्ये, एका अमेरिकन डॉलरला २.७०, ठरलेला दर.

गावात मॉडेल बोटी बनवणाऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये अख्खी दुपार गेली. एकजण हातभर लांबीच्या व्हेलबोटीला दोऱ्याचं रिगिंग बांधत होता, चिमट्याने, आणि प्रत्येक गाठ खऱ्या बोटीवर असते तीच. इथे अजूनही उघड्या शिडाच्या होडीतून हातहारपूनने व्हेलची शिकार होते, आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने वर्षाला चार हम्पबॅकची परवानगी दिलीय. मला पटत नाही, पण त्या होड्यांची बांधणी बघून हात जोडले.

आता पुढचा मुक्काम टोबॅगो केज ही छोटी बेटं, साधारण २५ मैल. तिथे रीफमधून वाट डोळ्यांनीच काढायची असते, त्यामुळे ऊन डोक्यावर असतानाच आत शिरणार. कुणाकडे चांगला पोलराइज्ड गॉगल असेल तर ब्रँड सांगा, माझा खाऱ्या पाण्याने पार गेलाय.