ओंदू, एरडू, मूरू... बीळो!

शिवजयंतीच्या चित्ररथावर मी सलग नऊ वर्षं मेलो. पावनखिंडीत सिद्दीचा शिपाई म्हणून, पुरंदरावर दिलेरखानाचा पठाण म्हणून, सिंहगडावर उदयभानाचा रजपूत म्हणून. मारणारे बदलत गेले. कुणी पुण्याला नोकरीला गेला, कुणी लष्कराच्या मराठा सेंटरात भरती झाला, एकाला लग्नानंतर बायकोनं मिशाच काढायला लावल्या. मरणारा तेवढा कायम राहिला. नरगुंदकर भावे चौकात पहिल्यांदा मरायचं, मग मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली करत रथ कपिलेश्वराच्या बाजूला सरकेपर्यंत तांबडं फुटायचं. तोवर मी पंधरा-वीसदा तरी मेलेलो असायचो. आई दरवर्षी विचारायची, "यंदा तरी जिवंत ठेवणार हाईत काय रे तुला?"

बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि तिची खरी रात्र चित्ररथांची. गल्लीगल्लीतली मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर गड उभे करतात आणि त्या गडांवर माणसं सजीव देखावे सादर करतात. लोक संध्याकाळपासून कट्ट्यांवर, माड्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर चटया टाकून जागा धरून बसलेले. चौक आला की रथ थांबतो, पाच-सात मिनिटांचा प्रसंग होतो, "जय भवानी" होतं, की रथ पुढे. भाषणं पाठ करणारी पोरं प्रत्येक मंडळात असतात. पण लोक वर्षभर लक्षात ठेवतात ती लढाई. "त्या गल्लीची फाईट बघिटलास काय?" हे मी पानाच्या टपरीवर जूनपर्यंत ऐकलंय.

आमची पहिली फाईट मात्र कुणीच लक्षात ठेवू नये अशी होती. ट्रॉलीवर आम्ही चौदाजण. शिट्टी वाजली की चौदाही जणांनी एकदमच तलवारी फिरवायला सुरुवात केली. तलवारी उद्यमबागेतून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या, वर चंदेरी रंग. त्यांचा आवाज यायचा ताटलीवर चमचा पडल्यासारखा. बाजीप्रभू नेमके कुठं आहेत हे खालच्या लोकांना कळेना, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कळेना. रामलिंग खिंड गल्लीत एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "काय ओ ही चेंगराचेंगरी!" तिथंच आम्ही संपलो.

त्या वर्षीच्या गणपतीत मास्तर आले. ते आमच्या गल्लीतले नव्हते. खासबागला मागावर कामाला होते, गाव मूळचं बैलहोंगलकडचं, घरची भाषा कन्नड. तरुणपणी गावच्या दोड्डाटात, म्हणजे कन्नड लोकनाट्यात, राक्षसांची आणि वीरांची सोंगं घेऊन नाचलेले. दोड्डाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथं लढाई नुसती लढायची नसते. ती तालावर पावलं टाकत, गिरक्या घेत नाचायची असते. पण मास्तरांचं खरं वेड दुसरंच. कॅम्पातल्या ग्लोबला मारामारीचा इंग्रजी सिनेमा लागला की ते रात्रपाळी संपवून झोप न घेता मॅटिनीला. हाँगकाँगचा आणि हॉलिवूडचा असा भेद तेव्हा कुणी करत नसे. सगळेच 'इंग्लिश पिच्चर'.

गणपतीत वर्गणीतून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा. पहिला सिनेमा देवाचा, आया-आज्यांसाठी. दुसरा हिंदी. तिसरा दोन वाजता लागायचा, तोपर्यंत फक्त पोरं उरलेली. त्या रात्री तिसरा होता १९८५चा 'पोलीस स्टोरी'. शेवटची मारामारी एका मोठ्या दुकानसंकुलात. जॅकी चॅन माणसांना काचेच्या कपाटांतून आरपार फेकतो आणि माणसं त्याला फेकतात. इतक्या काचा फुटल्या, की त्याच्याच स्टंटवाल्यांनी सिनेमाचं नाव गमतीनं 'ग्लास स्टोरी' पाडलं होतं, हे मला फार नंतर कळलं. शेवटी तो दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून खाली घसरत येतो. त्यात त्याचे हात खरंच भाजले होते. आम्ही शिट्ट्या मारत होतो. मास्तर मात्र उठले, व्हीसीआरजवळ गेले आणि त्यांनी मागं फिरवलं. पुन्हा लावलं. पुन्हा मागं. पॉज केला की पडद्यावर पांढऱ्या आडव्या रेघा यायच्या, त्या रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "हेला बघू नका. हे मारतो. तो पडतो बघा, तो. तो पडला काय, फाईट झाला. तो पडला नाही, फाईट नाही."

व्हिडिओवाला सकाळी शिव्या घालत होता, हेड झिजलं म्हणून.

तोवर मी इतरांसारखाच ब्रूस लीचा माणूस. सलूनमध्ये त्याचं पोस्टर, छातीवर नखांचे ओरखडे. आम्ही झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे सायकलच्या चेननं जोडून स्वतःचीच कोपरं सुजवून घेतलेली. ब्रूस लीचं मोठेपण मला आजही मान्य आहे. त्याच्या उभं राहण्यातच मारामारी असते. पण त्याच्यासमोरच्याला काही काम नसतं, तो पहिल्या फटक्यातच संपतो. जॅकीचं तसं नाही. तो स्वतः मार खातो, हात झटकतो, पळतो, खुर्ची घेतो, शिडी घेतो, पुन्हा मार खातो. आणि मला सर्वांत गोड वाटलेली गोष्ट ही, की ब्रूस लीच्या १९७३च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ज्यांची मान मोडली जाते त्यांतला एक पोरसवदा स्टंटवाला म्हणजेच जॅकी चॅन. म्हणजे गडीही आमच्यातलाच. आधी मरायला शिकलेला.

मास्तरांनी तालीम सुरू केली ती खासबागला, मागाच्या शेडमागच्या अंगणात. आत माग चालू. खटाक्-खट, खटाक्-खट. बाहेर आम्ही. मास्तरांना मराठीत मोजता येत नव्हतं असं नाही, पण घाईत तोंडातून कन्नडच निघायचं. ओंदू म्हणजे वार वरून. एरडू, ढाल. मूरू, गिरकी. मग "निल्लो!" म्हणजे थांब. आणि शेवटी "बीळो!" म्हणजे पड. आमच्या मंडळात सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणारे दोन कार्यकर्ते होते. त्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, की शिवजयंतीची लढाई आणि मोजणी कानडीत? आठ दिवसांनी तेच झोपेत ओंदू-एरडू करत होते.

खरी गोम त्या 'निल्लो'त होती. आम्हाला वाटायचं, जेवढे जास्त वार तेवढी भारी लढाई. मास्तर म्हणायचे, माग बघा. धोटा जातो, थांबतो, फणी ठोकते, मग परत येतो. सारखाच फिरला तर धागाच दिसणार नाही. तीन वार सपासप, मग दोघंही गप्प उभे. एक श्वास. लोकांचा श्वासही तिथंच अडकतो, आणि तो सुटायच्या आत चौथा वार. पुढं बऱ्याच वर्षांनी हाँगकाँगच्या चांगल्या मारामाऱ्या डीव्हीडीवर सावकाश पाहिल्या तेव्हा कळलं, तिथंही हेच आहे. झटका, थांबा, झटका. आणि त्याचं मूळही सापडलं. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाव हे तिघं लहानपणी हाँगकाँगमधल्या एकाच पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढलेले. कोलांट्या, तलवारी, गाणं, सगळं वाद्यांच्या ठेक्यावर. त्यांचा ऑपेरा आणि आमच्या मास्तरांचा दोड्डाट. हे मी मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "मग? नाच येत नाही तो फाईट काय करतो?"

दुसरा प्रश्न उरलेल्यांचा. एका बाजीप्रभूवर दहाजण धावून येतात, मग नऊजण आपापली पाळी येईपर्यंत काय करतात? सिनेमात हे नीट जमलं नाही तर हसू येतं. माणसं उगाच मुठी आवळून गोल गोल हलत राहतात, बसची वाट बघितल्यासारखी. मास्तरांनी प्रत्येकाला उद्योग दिला. एकानं पडलेली तलवार शोधायची. एकानं मेलेल्या सोबत्याला ओढून बाजूला न्यायचं. एकानं पुढं यायचं, घाबरायचं, मागं सरायचं. हा तिसरा इतका रंगला की लोक त्यालाच टाळ्या देऊ लागले, आणि त्याचं बाजीप्रभूशी खरंखुरं भांडण लागलं.

वार लागला हे चौकाच्या टोकाला कसं दिसावं? मास्तरांनी मंडळाच्या कॅरमची पावडर आमच्या अंगरख्यांच्या छातीवर आतून चोळून ठेवली. वार बसला की हॅलोजनच्या उजेडात पांढरा धुरळा उडायचा. हाँगकाँगचे स्टंटवालेही कपड्यांना अशीच पावडर लावायचे, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पडद्यावर नुसतं पाहून ओळखलं होतं. आवाजासाठी गडाच्या पुठ्ठ्याच्या बुरुजामागं एक पोरगा रुळाचा तुकडा टांगून बसायचा, शाळेच्या घंटेसारखा. त्यानं आमच्या तलवारींकडं बघायचंच नाही, फक्त मोजायचं. एरडूला टण्ण. बघितलंस की उशीर झाला.

आणि पडणं. पडण्याची तालीम महिनाभर. कुस्तीच्या आखाड्यातला आमचा एक दोस्त आनंदवाडीला जोर मारायचा, तो शिकवायला आला. हनुवटी छातीला, खांदा आधी, पाठ मग, तळवा जमिनीवर आपटायचा म्हणजे आवाजही होतो आणि अंगावरचा भारही वाटला जातो. पैलवानांना पडायला लाज वाटत नाही, कारण ते रोज पडतात. आम्हा बाकीच्यांना वाटायची. पडताना प्रत्येकाला आपण थोडं तरी शूर दिसावं असं वाटतं, आणि तिथंच घोटाळा होतो. मारणाऱ्याची तलवार माझ्या खांद्यापासून वीतभर लांबच थांबायची. ती लागली हे लोकांना सांगायचं काम माझं. मी जरा आधी पडलो तर हसं. जरा उशिरा पडलो तर मारणारा बापुडा दिसतो. आपण त्याच्या डोळ्यांकडं बघायचं, तलवारीकडं नाही, आणि तो आपल्या. त्या क्षणाला दोघांचं जे जमतं, ते मी पुढं संसारातही फार वेळा अनुभवलेलं नाही. बायकोनं हे वाचू नये.

सिंहगडाच्या वर्षी आमची कमाल झाली. तानाजीची ढाल तुटते आणि तो डाव्या हाताला शेला गुंडाळून त्यावर वार झेलतो, ही गोष्ट इथं प्रत्येकाला पाठ. मास्तरांनी ती लढाई पूर्ण थांबवली. ढाल दोन तुकडे होऊन ट्रॉलीवर पडली. उदयभानही थांबला. तानाजीनं शेला सोडला आणि सावकाश, एकेक वेढा घेत हाताला गुंडाळला. अख्खा चौक चिडीचूप, जनरेटरची घरघर तेवढी. मग मूरू. हातात येईल त्या वस्तूनं लढणाऱ्या जॅकीचं इतकं कौतुक करायचो आम्ही, आणि हे आमच्याच घरात तीनशेहून जास्त वर्षं पडून होतं, बरोबर सांगायचं तर १६७०पासून.

पुढच्याच वर्षी वळीव झाला. ट्रॉलीवरचा चटईचा थर भिजला, नव्या पोराला घाई, त्यानं 'निल्लो' गाळलं आणि पट्टी माझ्या भुवईवर. रक्त डोळ्यात. लोकांना वाटलं काय अफाट मेकअप आहे, दहा मिनिटं टाळ्या. खाली उतरलो तर मंडळी पाठ थोपटताहेत आणि मास्तर एका बाजूला बसलेले, कुणाशी बोलेनात. मला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी कुंदा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "रक्त आला म्हणजे फाईट फसला." एवढंच. आजही सिनेमात खरं रक्त, खरा मार म्हणून जाहिरात दिसली की मला ते वाक्य आठवतं. कॅमेरा गदागदा हलवून, एका फटक्याचे दहा तुकडे करून दाखवतात, तेव्हाही. पाय दिसत नाहीत ती मारामारी मी बघत नाही.

नंतर नोकरी, फिरतीचं गाव. मेलो नाही बरीच वर्षं.

गेल्या वैशाखात गेलो होतो. दरवर्षी तालमीच्या शेवटच्या रात्री जुने गडी जमतात, मिसळ आणि शिव्या असतात. मागाचं शेड गेलं, तिथं आता गाड्या लागतात. नव्या पोरांच्या मोबाईलवर २०११चा इंडोनेशियाचा 'द रेड' होता, अरुंद बोळातली पेंचाक सिलाट या तिथल्या युद्धकलेची मारामारी, नायक इको उवैस गुडघ्यांनी आणि कोपरांनी वाट काढतोय. वेग बघून छाती दडपते. मी म्हटलं, यात थांबा कुठंय सांगा. एकानं मागं फिरवलं आणि दाखवला. दाराशी, अर्धा श्वास. पोरगं तयार आहे.

अंगणात मोजणी चालू होती. ओंदू, एरडू, मूरू. मोजणाऱ्या पोराला विचारलं, कन्नड येतं काय? म्हणाला, "येतंय की थोडं. पण हे कन्नड नव्हं काका, हे फाईटचं हाय."

मास्तर खुर्चीवर बसलेले, कानाला यंत्र, गुडघ्यावर घोंगडी. पोरं म्हणाली, काका, जुन्या पद्धतीनं पडून दाखवा की. गादी टाकली. बावन्नाव्या वर्षी, डाव्या गुडघ्यासह, मी उभा राहिलो. समोरच्या पोरानं वार घेतला, मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, आणि मागून तो आवाज आला, "बीळो!" पडलो. तळवा आपटला. टाळ्या वगैरे झाल्या.

मास्तर मान हलवत होते. "हात आधी टेकला," म्हणाले. "पुन्हा."