कांद्याला घाम फुटतो तेव्हा

फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकत होतो, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या क्रियापदांपेक्षा पाककृतींमधली क्रियापदे मला लवकर पाठ झाली. खाण्याची आवड हे त्याचे एक कारण; दुसरे असे की ती बहुतेक जिवंत देहाची क्रियापदे आहेत. मंद आचेवर लोण्यात ठेवलेला कांदा रंग न बदलता ओलसर आणि पारदर्शक होऊ लागला की त्याला ‘स्युए’ म्हणतात, म्हणजे कांद्याला घाम फुटतो. उकळी येण्याआधी पाणी नुसते थरथरते, ते ‘फ्रेमीर’, म्हणजे शहारणे. आणि तापलेल्या पसरट भांड्याला हिसका देऊन भाजीचे तुकडे उडवले की ते ‘सोते’, म्हणजे उड्या मारलेले. (बोलीभाषेत एखाद्याला ‘घाम फोडणे’ म्हणजे त्याला वैताग आणणे, हे मला बरेच उशिरा कळले.)

आपले स्वयंपाकघर त्या मानाने कानाने चालते. मोहरी तडतडली पाहिजे, आमटी खदखदली पाहिजे, भात रटरटला पाहिजे, आणि वरणावर पडताना चर्र झाले नाही तर ती फोडणी कसली! म्हणूनच घरी पहिल्यांदा मी कांद्याला घाम फोडायला घेतला, झाकण ठेवून, अगदी बारीक गॅसवर, तेव्हा त्या शांततेने आई अस्वस्थ झाली. दोनदा डोकावून गेली आणि तिसऱ्यांदा गॅस मोठा करून गेली. तिच्या लेखी गुलाबी न झालेला कांदा म्हणजे कच्चा कांदा. फ्रेंच आचाऱ्याला मात्र तो तसाच हवा असतो, कारण त्याने सूपमध्ये विरून जायचे असते, आपल्या वाटणासारखे पुढे येऊन बोलायचे नसते.

हा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो ‘फों’ या शब्दात. त्याचा अर्थ तळ, आणि हाडे व भाज्या तासन्‌तास मंद शिजवून गाळलेल्या अर्कालाही तोच शब्द. प्रसिद्ध फ्रेंच आचारी ओग्युस्त एस्कोफिए यांनी 1903 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ल गीद क्युलिनेर’ या ग्रंथात या अर्काला साऱ्या स्वयंपाकाचा पाया मानले. भांड्याच्या तळाचाही तितकाच मान आहे: मांस परतल्यावर बुडाला जे तपकिरी चिकटून राहते, त्यावर थोडी वाइन किंवा अर्क ओतून ते खरवडून सोडवतात आणि त्याचाच सॉस करतात. याला ‘देग्लासे’ म्हणतात. भाताची खरपुडी आवडीने खाणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही, मात्र आपण ती खरपुडी पाणी घालून आमटीत मिसळण्याचा विचार कधी केलेला नाही.

माझा सर्वांत लाडका शब्द ‘बर न्वाझेत’ आहे. बर म्हणजे लोणी आणि न्वाझेत म्हणजे हेझलनट. लोणी कढवताना आधी त्यातले पाणी उडते, कडकड आवाज मंदावतो, आणि मग दुधाचे जे कण तळाशी बसतात ते तांबूस होऊन खमंग वास सुटतो. फ्रेंच आचारी नेमक्या त्या क्षणी भांडे उतरवतो आणि ते कणांसकट माशावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर ओततो. आपण त्याच्या थोडे आधी किंवा थोडे नंतर उतरवतो, गाळतो, आणि त्याला तूप म्हणतो.

गेल्या रविवारी मी ते बटाट्यावर ओतले, वर मीठ आणि लिंबू, आणि मोठ्या अभिमानाने आईपुढे बशी ठेवली. तिने चमच्याने तळाचे तपकिरी कण बाजूला केले, एक चाखला आणि म्हणाली, “अरे, तूप गाळायचं विसरलास. ही बेरी आहे.” मग उठून साखरेचा डबा घेऊन आली.