घाटात तापणारी जुनी गाडी

आज गुहागरहून आलेली जुनी पेट्रोल गाडी दिवसभर कामाला होती. तक्रार एकच, कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेवर.

आधी विचारायचं, गाडी तापते कधी? उभ्या उभ्या तापते आणि पळायला लागली की निवते, तर संशय फॅनवर. इग्निशन चालू ठेवून रेडिएटरवरच्या (इंजिनाचं पाणी निववणाऱ्या जाळीवरच्या) थर्मो स्विचचा, म्हणजे पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचचा, कनेक्टर काढा, दोन्ही वायरी क्षणभर जोडा. फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर.

इथे फॅन ठणठणीत. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हात लावू देत नव्हता, खालचा जेमतेम कोमट. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडे वाट उघडणारी झडप, काढून पातेल्यात पाण्यात तापवला, तर त्यावर छापलेल्या 82 अंशांच्या आसपास व्यवस्थित उघडला. म्हणजे रेडिएटरच. खाऱ्या वाऱ्याने खालच्या फिन्सचा (पातळ पत्र्यांचा) भुगा झालेला, बोट लावलं की झडत होत्या. आत वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलेलं, नळ्या गंजाने बुजलेल्या. कृपा करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला!

रेडिएटरच्या कॅपचं रबरही कडक झालं होतं. कॅप दाब धरते म्हणूनच पाणी 100 अंशांना उकळत नाही. तीही बदलली.

आणि थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं.

एवढं करूनही पाणी कमी होत असेल, तर थंड इंजिनावर कॅप उघडून गाडी चालू करा. सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधली सील) गेलंय.